हलक्या चुंगड्या

४ फेब्रुवारी

ओमेश सरांनी मला एक जाड रजिस्टर दिलं आहे. रोज काय घडलं ते त्यात लिहायचं आणि खाली सही करायची. मी विचारलं, "आणि जे घडलं नाही, पण घडेल असं वाटतं, ते कुठे लिहू?" सर हसले. "मॅडम, उसका कॉलम नहीं है." म्हणून ही वही घरून आणली. भित्र्या माणसाला भ्यायला कुठेतरी जागा पाहिजेच.

आजपासून मी इथली सुरक्षा अधिकारी. 'इथली' म्हणजे चिचगडच्या बाहेर, जंगलाला लागून असलेल्या बंद राइस मिलची. मिल ओमेश सरांच्या वडिलांची. सर हैदराबादला रॉकेटचं शिकून आले आणि जिथे धान भरडायचे तिथे आता उपग्रहाला वर ढकलणारं लहानसं इंजिन बनवणार आहेत. मी सडक अर्जुनीला कॉलेजच्या रसायनाच्या लॅबमध्ये होते, राजदीप वेल्डर-फिटर. नवरा-बायकोला एकाच जागी काम लागलं म्हणून सासूबाईंनी पेढे वाटले. काम काय आहे ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.

काम असं आहे. दोन पातळ पदार्थ. एक तेलासारखं इंधन, दुसरं जहाल आम्ल. यांना काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही, एकमेकांना शिवले की पेटतात. वर आकाशात काडी ओढायला कोण जाणार, म्हणून हे असलं जोडपं. इकडे इंधनाची शेड, तिकडे आम्लाची, मधे मोकळं अंगण. न पटणाऱ्या जावांना वेगळ्या चुली मांडून द्याव्यात तसं.

आम्लाची शेड राजदीपकडे दिली आहे.

९ फेब्रुवारी

सरांनी आज थेंब दाखवले. चिनी मातीच्या वाटीत इंधनाचा थेंब, लांब नळीतून त्यावर आम्लाचा थेंब. फट्कन ज्योत उठली. सगळं होऊन गेल्यावर मी दचकले, इतकं ते लवकर झालं. अंगण झाडणारी अल्का "आई वो" म्हणत झाडू टाकून पळाली, ती चहाच्या वेळेलाच परत आली.

मला ज्योतीची तेवढी धास्ती नाही. ज्योत दिसते तरी. आम्लाचं झाकण उघडलं की तोंडाशी जो तांबूस धूर रेंगाळतो, त्याची मला धास्ती आहे. तो नाकात गेला की माणूस थोडा खोकतो, तोंड धुतो, पाणी पितो आणि म्हणतो, काही झालं नाही. जेवतो, झोपतो. तोवर आत छातीत पाणी भरत असतं. काही तासांनी श्वास पुरेनासा होतो, आणि तेव्हा धावपळ करून उपयोग नसतो.

मी स्वतः ब्रश घेऊन फाटकाच्या आतल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: तांबूस धूर नाकात गेला, तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जायचं. एक दिवस तिथेच राहायचं.

राजदीपने वाचलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बरं वाटून रायलं तरी दवाखाना? मंग तं अर्धं चिचगड भरती करा लागन." सगळे हसले. हसू देत.

१९ फेब्रुवारी

इंजिन फुटलं.

कोणाला लागलं नाही, आम्ही सगळे जाड भिंतीमागे होतो. पण आवाज असा झाला की जंगलातले मोर कितीतरी वेळ ओरडत होते. सर म्हणाले, दोन्ही पदार्थ भेटले पण लगेच पेटले नाहीत. डोळ्याची पापणी लवेल त्याच्याही आत पेटायला पाहिजेत. तेवढा उशीर झाला तर न पेटलेलं द्रव आत साचत जातं, आणि मग सगळं एकदम पेटतं. तोच हा धडाका. सकाळी गारठा होता, त्याने उशीर झाला असं त्यांना वाटतं. "भेटले की पेटलेच पाहिजेत," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांचा चेहरा मुलाचा निकाल बिघडलेल्या बापासारखा झाला होता.

इंजिनाचा एक तुकडा आम्लाच्या शेडच्या पत्र्याला लागला. पोचा पडला आहे. मी त्या पोच्यावर हात फिरवला. राजदीप तेव्हा आत नव्हता. पण तो रोज आत असतो.

सरांना म्हटलं, शेडभोवती मुरमाच्या चुंगड्यांची, म्हणजे भरलेल्या पोत्यांची, भिंत पाहिजे, नाहीतर मी पुढच्या चाचणीला सही करणार नाही. ते लगेच हो म्हणाले. हे काम शालीकराम मामाला द्या, हेही मीच सुचवलं. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ, इथे चिचगडलाच असतो, बांधकामाची लहान-मोठी कामं घेतो. आणखी एक मागितलं. मिलच्या मागे भुशाचा डोंगर आहे, मिल बंद झाली तेव्हापासूनचा. वाळलेला भुसा आणि आमचं आम्ल एकमेकांच्या वाऱ्यालाही उभं राहायला नको. तो ढीगही तिथून हलवायचा. मामा म्हणाला, "दोनी कामं माह्यावर सोड, पोरी. तू फक्त सायबीणवानी खुर्चीत बस."

२७ फेब्रुवारी

मुरमाच्या चुंगड्या काही केल्या उचलल्या जात नाहीत. कामावरच्या बाया सकाळी मोहफुलं वेचून येतात, आधीच वाकून वाकून कंबर गेलेली असते. दोघी मिळून एक चुंगडी फरफटत नेतात. आज अल्काच्या पाठीत चमक भरली. ती भिंतीला टेकून बसली, डोळ्यांत पाणी. "म्याडम, आमी का बैल हावो का?" ती म्हणाली.

मला खूप वाईट वाटलं. मामाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "मामा, जरा हलक्या भर ना. बायांना उचलता आल्या पाहिजेत."

"हाव, बरोबर आहे तुहं," मामा म्हणाला. "करतो काई तरी."

मामाचं हे मला आवडतं. एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

४ मार्च

भिंत झाली! मी उगाच चिंता करत होते. नव्या चुंगड्या पांढऱ्याशुभ्र, तोंडं नीट शिवलेली. बाया डोक्यावर एक, काखेत एक अशा घेऊन हसत हसत चालत होत्या. आम्लाच्या शेडच्या तिन्ही बाजूंना पुरुषभर उंच भिंत, भिंतीचा एक हात पार अंगणाच्या मधोमध इंधनाच्या शेडकडे गेलेला. मागचा भुशाचा ढीगही साफ. जमीन झाडून घेतल्यासारखी दिसते. सर खूश, भिंतीचा फोटो काढून कुणाकुणाला पाठवत होते.

मामा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तू सांगतलं तसंच केलं, मोना. आता एक लहान पोट्टीबी उचलते."

मी रजिस्टरमध्ये लिहिलं, काम समाधानकारक, आणि सही केली. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

१५ मार्च

भिंतीवर चिमण्या येऊन बसतात. चुंगड्यांच्या शिवणीत चोची घालून काहीबाही टोचत असतात, आपसांत भांडतात. जेवणाच्या सुटीत मी तिथेच सावलीला बसते. एवढ्या विषारी जागेत चिमण्यांना राहावंसं वाटतं, हे बघून मला धीर येतो.

धीर फार वेळ टिकत नाही. राजदीपशी भांडण झालं. आम्लाच्या कामाचा पूर्ण पोशाख घातला की त्याला गुदमरतं, टोपाच्या काचेवर वाफ धरते, म्हणून तो मधेच टोप काढतो. मी दुरून बघितलं आणि अंगणभर ओरडले. घरी आल्यावर तो म्हणाला, "तू भेतं, म्हणून मले भेव वाटते. नाई तं मले काईच वाटत नाई."

"वाटू द्या मग," मी म्हटलं. "वाटलंच पाहिजे."

तो माझ्याकडे पाठ करून झोपला. मी त्याचा श्वास ऐकत पडून राहिले. मला हे माणूस पाहिजे, म्हातारं होईपर्यंत पाहिजे. एवढंच आहे माझं सगळं.

२४ मार्च

दुपारी वावटळ आली. शेडवरची ताडपत्री फडफडून सुटली, माझा जीव वर-खाली. धावत जाऊन दोरखंड आवळले. भिंतीच्या वरच्या दोन-तीन चुंगड्याही वाऱ्याने खाली गडगडल्या होत्या, त्या अल्काने एकटीनेच उचलून परत रचल्या. ताडपत्रीला नवीन कड्या लावायला सांगितल्या आहेत.

१ एप्रिल

ऊन. पत्र्याला हात लावला तर फोड येईल. मोठी चाचणी पुढच्या आठवड्यात. टाकी भरायच्या नळीचे सांधे रोज तपासते. मामा म्हणतो, माझं नाव 'सांधेवाली बाई' ठेवायला पाहिजे.

९ एप्रिल

गोंदियाच्या दवाखान्यातून लिहिते आहे. संध्याकाळ झाली आहे. राजदीप पलंगावर झोपला आहे, नाकाला ऑक्सिजन. तो बरा आहे. हे आधी लिहिते, नंतर बाकीचं.

सकाळी आम्लाची टाकी भरत होते. राजदीप आत, पूर्ण पोशाखात. मी फाटकाजवळ, हातात शिटी. सर मागच्या खोलीत. मामाला आज काही काम नव्हतं, पण बायांसाठी ताकाची कॅन घेऊन आला होता. सांधा फुटला. मी रोज तपासत होते तोच. आम्ल उडालं, दाराच्या उंबरठ्यावरून बाहेर वाहिलं. इथपर्यंतचं सगळं मी मनात हजारदा बघितलं होतं. बाहेर काय, फरशी, त्यापुढे मुरमाची भिंत. आम्ल मुरमात जिरेल, आम्ही वरून पाणी मारू. मी शिटी वाजवली आणि पाण्याच्या पाइपाकडे वळले.

आणि भिंत पेटली.

मला समजेचना. माती कशी पेटेल? आम्हाला वाचवायला जी उभी केली होती तीच जळत होती, आतून, धुमसत, आणि तांबूस धुराचे लोट तिच्यातून निघत होते. एक चुंगडी उकलली आणि आतून भळभळ भुसा सांडला. जळता भुसा. वाऱ्याबरोबर तो इंधनाच्या शेडकडे जायला लागला. भिंतीचा जो हात तिकडे गेला होता, तो वातीसारखा पेटत पुढे सरकत होता.

मी काय केलं? मी उभी राहिले. सगळं आयुष्य याच घटकेला भिऊन काढलं आणि ती घटका आली तेव्हा माझे पाय जमिनीत रुतले.

मामा धावला. ताकाची कॅन टाकून, खांद्यावरचा दुपट्टा तोंडाला लावून तो धुरात शिरला आणि पेटत्या चुंगड्या दोन्ही हातांनी ओढून बाजूला फेकू लागला. दुपट्टा केव्हाच गळून पडला. राजदीप टाकी बंद करून बाहेर आला, त्याने मामाला बघितलं, आणि ओरडता यावं म्हणून टोप काढला. "मामा, हटा तिथून! हटा!" धुराचे दोन-चार घोट त्याच्या छातीत गेले ते तेव्हा. मग मला पाय फुटले. पाणी मारलं. भिंत मधे तुटली होती, मामानेच तोडली होती. इंधनाची शेड वाचली. नाहीतर लिहायला कोणी उरलं नसतं.

आग विझल्यावर मामा माझ्यासमोर आला. भुवया जळालेल्या, हात काळे. खोकत होता. "भुसा होता वो, मोना," तो म्हणाला. "तू म्हणलीस ना हलक्या भर. ढीगबी उचलाचा होता. मले वाटलं, दोनी होऊन जातेत. मऊ बी रायते, काई फुटून आलं तं रुतून बसन."

आपल्याकडे चिखल झाला, भुसा टाका. तेल सांडलं, भुसा टाका. थंडीत गोठ्यात, भट्टीत, विटांच्या मधे, सगळीकडे भुसाच. मामाच्या डोक्यात भुसा म्हणजे कामाला येणारी वस्तू. आम्ल त्याला शिवलं तर काय होतं, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. त्याला काय समजणार, असं वाटलं होतं मला.

पण तेव्हा मी हा विचार केला नाही. मी ओरडले. सगळ्यांसमोर. "माझा नवरा मारला असता तुम्ही! जा इथून. तोंड दाखवू नका मला." जन्मात पहिल्यांदा मामाला 'तुम्ही' म्हणाले. मामा मागे वळला. नळावर तोंड धुतलं, ओंजळीने पाणी प्याला, "काई नाई झालं मले," असं अल्काला म्हणाला, आणि मोटरसायकल काढून घरी गेला.

राजदीपही तेच म्हणत होता, काही नाही झालं, जरासा खोकला आहे, घरी जाऊ. मी ऐकलं नाही. भिंतीवरचं माझं वाक्य त्याला बोट लावून वाचायला लावलं, ओढून गाडीत बसवलं. वाटेत देवरीच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि इथे आणलं. डॉक्टर म्हणाले, बरं झालं लगेच आणलंत, छातीत सूज दिसते आहे, घरी झोपू दिलं असतं तर सांगता येत नव्हतं. मला रडूच आलं. इतके दिवस सगळे माझ्या भित्रेपणाला हसले. आज त्यानेच माझा माणूस वाचवला. उद्या सगळ्यांना सांगणार आहे.

मघा मामाचा फोन येऊन गेला. दोनदा वाजला. मी उचलला नाही. राग अजून गेलेला नाही, आणि राजदीपला नुकती झोप लागली होती.

१० एप्रिल

मामा गेला.

१६ एप्रिल

काल चिचगडहून, मामाच्या घरून परत आलो. राजदीप आता चालतो, थोडं बोललं की थांबतो.

चौदा तारखेला दरवर्षी मामा मिरवणुकीत सगळ्यांत पुढे निळा झेंडा घेऊन असतो. यंदा मामाच्या गल्लीत वाजंत्री आलीच नाही. पोरं झेंडा घेऊन मुक्यानेच दारावरून गेली. बुद्ध विहारात वंदना झाली तेव्हा मी मागे, दाराजवळ बसले. पुढे बसायचा मला हक्क वाटला नाही.

शामकला मामी मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या ताटात भाजी वाढली आणि सांगितलं, "घरी आला तं मस्त होता. न्हाला, भात खाल्ला. म्हणे मोना लय रागावली, पण बरोबर आहे तिचं. दिवस कलला तं खोकला वाढला. मी म्हणलं डॉक्टरकडे चला. म्हणे थांब, मोनाले इचारतो, तिले यातलं मालूम आहे, कोनतं औषध घेऊ. तू उचलला नाई तं म्हणे, राहू दे, नवऱ्यापाशी असन, दमली असन पोरगी. सकाळी इचारतो."

मामी हे सगळं चांगुलपणाने सांगत होती. मी घास घेऊन तशीच बसले.

मला सगळं माहीत होतं. तोंड धुतो, पाणी पितो, म्हणतो काही झालं नाही. हे मी याच वहीत लिहून ठेवलं आहे. माझ्या डोळ्यांसमोर मामाने तोंड धुतलं, पाणी प्याला आणि म्हणाला, काही नाही झालं. आणि मी त्याला घरी हाकललं. इतकी मोठी भीती माझी, आणि ती सगळी एकाच माणसापुरती होती.

२१ एप्रिल

चौकशीला सरकारी साहेब आले होते. ओमेश सरांनी आधी मला हळूच सांगितलं, "मॅडम, ठेकेदाराने आपल्या मनाने भुसा भरला, इतना ही बोलना है." साहेबांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं: हलक्या भरा असं मी म्हणाले होते. ढीग हलवा असंही मीच म्हणाले होते. एकही चुंगडी उकलून बघितली नाही. चिमण्या टोचत होत्या, वाऱ्याने पडत होत्या, तरी बघितली नाही. आणि समाधानकारक म्हणून सही केली ती माझी.

साहेब लिहून घेत राहिले. सरांनी मान खाली घातली. मग तेही म्हणाले, "सही मेरी भी है."

२ मे

काम पुन्हा सुरू होणार. राजीनामा लिहून ठेवला होता, राजदीपने तो बघितला. म्हणाला, "तू गेली तं मंग आमचं भेव कोन करन?" आता तो टोप काढत नाही. काम सुरू करायच्या आधी टोपाचा पट्टा दोनदा ओढून बघतो. मी बघते आणि बघितलं नाही असं दाखवते.

फाटकाजवळच्या भिंतीवर मी खाली एक ओळ वाढवली: फाटकाच्या आत असलेला प्रत्येक माणूस. कामाचा असो, नसो. आपला असो, नसो.

नव्या चुंगड्या आल्या. मुरमाच्या. गाडीतून उतरवायच्या आधी मी एकेकीत सळई खुपसून बघितली, शेवटच्या चुंगडीपर्यंत. बाया वाट बघत उभ्या होत्या. अल्काने एक चुंगडी उचलायचा प्रयत्न केला, सोडली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्याडम," ती म्हणाली, "जराक हलक्या नाई का करता येत?"

"नाही," मी म्हटलं.

मी ओढणी कंबरेला खोचली आणि चुंगडीचं दुसरं टोक धरलं.